साळूबाईनं घेतलेलं नाव

या, असे पुढे सरकून बसा. दारापाशी कोण घुटमळतंय? आत या, चपला राहू द्या तिथंच. माझा आवाज आता मागच्या भिंतीपर्यंत जात नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. एक कीर्तन सांगणार आहे तुम्हाला. करणार नाही, सांगणार आहे. देवाच्या दयेनं मी जन्मभर कीर्तनं ऐकली. तापात ऐकली, कडेवर लेकरू घेऊन ऐकली. पण माझ्या बापूंनी त्या नाताळात केलं तसं पुन्हा कानावर आलं नाही. मात्र एक अट. शेवट होईपर्यंत चहाला कुणी उठायचं नाही. का, ते पुढं कळेल.

शनिवारची दुपार होती. हिंगणवाडीच्या आमच्या ख्रिस्ती देवळासमोर बैलगाडी थांबली. गाडीत कडब्यावर एक पांढराशुभ्र संगमरवरी दगड निजवलेला. “हळू रे, हळू! कोपरा उडाला तर पुन्हा नगरची वारी घडेल,” असं म्हणत आमचे पाळक सरोदेसाहेब गाडीभोवती फिरत होते. मी त्याच सकाळी नगरहून सुट्टीला आले होते. तिथल्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे.

“करुणा, वाच गं काय कोरलंय,” बापू म्हणाले. त्यांना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही.

मी ओणवून पाहिलं आणि पाऊलभर मागं सरले.

“वाच की. दगड आहे, चावत नाही.”

“एडविन थॉर्नबी. रेव्हरंड जोसाया थॉर्नबी यांचे धाकटे चिरंजीव. या गावी जन्मले, या गावी वारले.” मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते बैलांचे खूर निरखत होते. “अविवाहित आणि निःसंतान.”

बापूंनी फेटा काढून काखेत धरला. त्या शेवटच्या शब्दावरून त्यांनी बोट फिरवलं, जात्याला टाकी नीट लागली का ते बघावं तसं.

“सरोदेसाहेब,” ते म्हणाले, “मग माझ्या अंगात हे हाडामांसाचं कोण हिंडतंय, त्याचाही एखादा दगड आणायचा होतात.”

गाडीवान फसकन हसला. पाळकसाहेब हसले नाहीत.

कारण एडविन थॉर्नबी हे माझ्या बापूंचे वडील. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जोसायासाहेब अमेरिकेहून मिशनरी म्हणून आले, त्यांना इथं दोन मुलगे झाले. थोरला हेन्री शिकायला तिकडे गेला तो तिकडचाच झाला. धाकटा एडविन इथल्या मातीत वाढला, इथलंच बोलायला शिकला, आणि मोठ्या दुष्काळात मिशनच्या माळावर त्यानं विहीर खणायला घेतली. पाटी उचलणाऱ्या बायांत साळू होती, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. विहिरीला पाणी लागलं आणि एडविननं तिच्याशी लग्न करायचं ठरवलं. मिशननं नाही म्हटलं. बापानं नाही म्हटलं. देवळाचं दार त्या दिवशी उघडलं नाही. तेव्हा भिकाजी मास्तर म्हणून आमचे जुने कीर्तनकार होते, त्यांनी विहिरीच्या काठावर प्रार्थना करून दोघांचे हात एकमेकांत दिले. मिशनच्या दप्तरी या लग्नाची ओळदेखील नाही. पुढं बापू जन्मले. ते चालायला लागले त्याच वर्षी प्लेगनं एडविनसाहेबांना नेलं. आणि साळूबाईला मिशननं कामाला ठेवलं. कुठं? बंगल्यात. ज्या बंगल्याची ती सून, त्याच बंगल्याचे व्हरांडे तिनं जन्मभर झाडले. मिशनरीण मडमा तिला “साळू, इकडे” म्हणायच्या, आणि बापूंना बाजारातली पोरं “साहेबाचं” म्हणायची. नुसतं “साहेबाचं”. पुढचा शब्द ती हसण्यात गिळायची.

बापूंनी त्या हसण्याला उत्तर दिलं ते भिकाजी मास्तरांकडे कीर्तन शिकून. पण एवढ्या वर्षांत स्वतःच्या बापाची कहाणी त्यांनी कधी कीर्तनात घेतली नव्हती.

“शांतवनराव, तुम्ही जाणते,” पाळकसाहेब बापूंना देवळाच्या आत बाजूला घेऊन हळूच म्हणाले. “मिस अबिगेल थॉर्नबी म्हणजे हेन्रीसाहेबांची मुलगी. त्यांच्या घराण्याचं एक मंडळ आहे, ते वंशावळीचं मोठं पुस्तक काढतंय. त्यांना वडिलांनी जे सांगितलं तेच त्यांनी कोरून घेतलं. बाई दोन दिवसांची पाहुणी. उद्या कबरीवर दगड बसला की त्या त्यांच्या मंडळाकडे आपल्या छपराची गोष्ट काढणार आहेत. वर बघा जरा. आभाळ दिसतं.”

“दिसतं खरं,” बापू म्हणाले. “देवळात बसून आभाळ दिसावं, याला पण नशीब लागतं.”

संध्याकाळी बंगल्यावर बोलावणं आलं. अबिगेलबाई बापूंहून थोड्या लहान, पांढरे केस कापलेले, पायात कापडी बूट. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसून त्यांनी टेबलावर घोंगडीएवढा कागद पसरला. त्यावर झाड काढलेलं. पाळकसाहेब दुसऱ्या खुर्चीवर. बापू आणि मी पायरीपाशी उभे. सरोदेसाहेबांनी बापूंची ओळख करून दिली ती “आमच्या गावचे भजनी” एवढीच.

बाई वाईट नव्हत्या हो. उलट लहान मुलीसारख्या हरखून बोलत होत्या, आणि मी बापूंना मराठीत सांगत होते. तीनशे वर्षांमागं नथानिएल थॉर्नबी नावाचा माणूस इंग्लंडहून जहाजानं निघाला आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागला. त्यानं नदीकाठी लाकडाचं घर बांधलं, रान तोडून मका लावला. त्याची हजारो लेकरं आज अमेरिकाभर पसरली आहेत. या बाईंनी वीस गावांची कबरस्तानं पालथी घालून ती एकेक जुळवली होती.

“आणि एवढीच फांदी राहिली,” एका बारक्या टोकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “काका एडविन. उद्या तीही बंद होईल.”

बापू पुढं झाले. झाडाच्या बुंध्याशी बोट नेलं. “हिला विचार, या पहिल्या माणसाशेजारी काय लिहिलंय?”

मी वाचलं. “पत्नी. नाव अज्ञात.”

“अज्ञात?”

बाई हळहळल्या. ती पहिल्याच हिवाळ्यात बाळंतपणात गेली. बाळ जगलं, पण तिचं नाव कुठंच सापडलं नाही, फार शोधलं.

“आणि त्यांचं लग्न लागल्याचा कागद?”

“कागद नाही. पण बरोबरच्या माणसांच्या सांगण्यात आहे, की हे नवरा-बायको म्हणून जहाजावर चढले. आम्ही तेवढं प्रमाण मानतो.”

“बरं,” बापू म्हणाले. “बरं, बरं.”

मला राहवेना. मी तोंड उघडलं, “मिस थॉर्नबी, हे जे उभे आहेत ना, हे माझे वडील म्हणजे तुमचे...” तेवढ्यात बापूंनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली.

“आत्ता नको,” ते म्हणाले. “उद्या.”

बाई विचारत होत्या, तुमच्याकडे वंशावळ गातात म्हणे? उद्या दगड उघडण्याआधी थॉर्नबींची वंशावळ गाता येईल का या गृहस्थांना? पाळकसाहेबांचा चेहरा उजळला, मग एकदम सावध झाला. “शांतवनराव, गाल ना? जशी कागदावर आहे तशी?”

“गातो की,” बापू म्हणाले. “बुंध्यापासून शेंड्यापर्यंत.”

वाटेत मी बापूंच्या चार पावलं पुढंच चालले. घरी आल्यावर भांडं आपटलं.

“स्वतःच्या बापाला निपुत्रिक म्हणून गाणार तुम्ही? टाळ्या घेऊन?”

बापू चिपळ्यांना तेलाचं बोट लावत बसले होते. “उद्या तुझं काम काय?”

“दुभाषी. बाईंच्या कानाशी बसायचंय.”

“मग वचन दे. मी जे म्हणेन ते त्या कानात घालायचं. पदरचं घालायचं नाही आणि माझं गाळायचं नाही. जमेल?”

“तुम्ही काय म्हणणार आहात?”

“ते देवाला ठाऊक. मला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं विचारून येतो.” आणि पायांत वहाणा सरकवून गेले ते थेट माळावरच्या विहिरीकडे.

ओट्यावरून मला दिसत होतं. विहिरीच्या कठड्यावर सगुणाआत्या बसली होती. गावातली सर्वांत म्हातारी बाई, कमरेतून वाकलेली, जीभ मात्र सरळ. बापूंनी काहीतरी विचारलं. आत्यानं आधी कपाळावर हात मारला, मग पदर तोंडाला लावून नव्या नवरीसारखी हसत सुटली. तशी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

“काय बोलत होता?” बापू परतल्यावर मी विचारलं.

“बायकांतलं होतं. आम्हा पुरुषांना इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही.” आणि चिपळ्या उशाशी घेऊन ते आडवे झाले.

रविवारी सकाळी सरोदेसाहेबांनी मला देवळाच्या मागच्या बाजूला गाठलं. “करुणा, तू शिकलेली आहेस. सगळं शब्दशः सांगायची गरज नसते. साधारण आशय सांगायचा. कळलं ना?” मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनी ठरवावं.

आता आमच्याकडचा एक नेम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कीर्तनकार सतरंजीवर उभा राहिला आणि हातात चिपळ्या घेतल्या, की शेवटची प्रार्थना होईपर्यंत त्याला कुणी बसवायचं नाही, आणि ऐकणाऱ्यानं उठायचं नाही. भिकाजी मास्तरांच्या काळात एक फौजदार कीर्तन बंद करायला आला होता म्हणे. मास्तरांनी त्याला हातानं खाली बसायची खूण केली, आणि तो बसला. जाताना प्रसादाचे शेंगदाणे मागून घेऊन गेला. तेव्हापासून त्या रविवारपर्यंत हिंगणवाडीत हा नेम कुणी मोडला नव्हता.

देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. शेजारच्या हिंदू आळीतल्या बायकाही आल्या होत्या, बापूंचं कीर्तन त्या सोडत नसत. पुढं दोन खुर्च्या. एकीवर अबिगेलबाई, त्यांच्या पायाशी सतरंजीवर मी. बाहेर कबरस्तानात दगड रुमालाखाली झाकून उभा केलेला, नुसता चुना भरायचा बाकी.

बापूंनी तांबडा फेटा बांधला होता. प्रभूला वंदन झालं, आणि त्यांनी पूर्वरंग लावला तो प्रभू येशूच्याच वंशावळीचा. नाताळात साजेसाच. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं सुरात सांगत गेले. मग थबकले.

“एवढ्या बाप्यांच्या रांगेत देवानं चार बाया मुद्दाम नावानिशी बसवल्यात. कोण होत्या हो त्या? राजाच्या लेकी? एक शहराच्या भिंतीत राहणारी, जिला सगळा गाव नावं ठेवायचा. एक परमुलखातली विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. अशा! माणसं पाहुण्यांपासून झाकतील अशा. पण देव म्हणाला, माझ्या लेकराच्या कुळात यांची नावं पाहिजेत. झाकायची नाहीत.”

मी सगळं बाईंना सांगत होते. त्या मान डोलवत होत्या.

मग उत्तररंग. पेटीवाल्यानं सूर बदलला आणि बापूंनी नथानिएलला जहाजावर चढवलं.

“नथानिएल आला, सागर लांघून,
पत्नीला घेऊन, नाव नाही.”

“नाव नाही,” सगळ्यांनी झील धरली. काय ते वादळ वर्णन केलं बापूंनी! समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. थंडीनं गोठलेली नदी, बर्फात चाललेली कुऱ्हाड, खोपटात कण्हणारी ती निनावी बाई. “तीनशे वर्षं तिची लेकरं राज्य करतायत, आणि तिला हाक मारायला शब्द नाही. कागद नव्हता, तरी ती बायको. नाव नव्हतं, तरी ती आई. बरोबर आहे ना, पाहुणेबाई?”

मी विचारलं. अबिगेलबाईंनी डोळे टिपले. “अगदी बरोबर, असं सांगा त्यांना.”

“बरोबर म्हणतायत,” मी मोठ्यानं म्हटलं.

“सगळ्यांनी ऐकलं?” बापू म्हणाले. “ऐकून ठेवा.”

पिढ्या उतरत उतरत जोसायासाहेब आले, हिंगणवाडी आली, दुष्काळ आला. पाळकसाहेब खुर्चीत पुढं सरकले. बापूंनी चिपळ्या थांबवल्या. नुसत्या आवाजात म्हणाले,

“एडविन उभा, विहिरीच्या काठी,
साळू त्याच्या पाठी, नाव आहे.”

झील धरायला कुणी तोंड उघडेना. “शांतवनराव,” पाळकसाहेब उभे राहिले. “वेळ झाला. आवरा आता.”

“साहेब, मी उभा आहे,” बापू शांतपणे म्हणाले, आणि चिपळ्या वर धरल्या. दोनशे डोळे पाळकसाहेबांकडे वळले. ते खाली बसले.

“दगड फुटत नव्हता. सुरुंग लावले, पहारी मोडल्या. एके दिवशी काळ्या दगडातून बोटभर धार आली. त्याच काठावर मास्तरांनी दोघांचे हात जोडले. देऊळ बंद, म्हणून आभाळाखाली. नवरी घराकडे निघाली, तर बायकांनी वाट अडवली. का अडवली गं बायांनो?”

“नाव घ्यायला!” बायकांतून आवाज आला.

“नाव घ्यायला. सोडतायत होय? आणि नवरीनं नाव घेतलं.” बापूंनी गळा मोकळा केला आणि सूर लावला, “काळ्या पाषाणाला फुटला गोड पाण्याचा झरा...” आणि तिथंच सोडून दिलं.

काय सांगू तुम्हाला! हिंगणवाडीत लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई हाच उखाणा म्हणते. नवरी अडली की सासू, जाऊ, शेजारीण हाच कानात सांगते. ख्रिस्ती असो, मराठा असो, माळी असो. मी स्वतः माझ्या लग्नात हाच म्हटला होता. कुणी रचला, कधी विचारलं नव्हतं. पहिली ओळ कानावर पडली आणि सवयीनं बायकांची सगळी बाजू उसळली. “दगडूरावांचं नाव घेते...” “नामदेवरावांचं...” “येशवंतरावांचं...” “देव साक्षी खरा!” जिचा जो नवरा त्याचं नाव. माझ्याही तोंडून “सुधाकररावांचं” निघून गेलं. देवळात असा कल्ला झाला की पुरुष एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसायला लागले.

“थांबा गं साळकाया माळकायांनो!” काठी आपटून सगुणाआत्या उठली. ऐकणाऱ्यानं उठायचं नाही हा नेम तिनं मोडला. तिला कोण बोलणार? “मी करवली होते त्या लग्नात. दिवा माझ्या हातात होता. तुम्ही समद्या घेता ते उसनं आहे. त्यात पहिलं नाव कुणाचं होतं, ते मी सांगते.” आणि त्या म्हातारीनं, दात नसलेल्या तोंडानं, ठसक्यात म्हटलं,

“काळ्या पाषाणाला फुटला गोड पाण्याचा झरा,
एडविनरावांचं नाव घेते साळू, येशू साक्षी खरा!”

एडविनराव! अमेरिकन साहेबाला राव लावून मोकळी झाली होती माझी आजी.

हसणं एकदम विझलं. बायकांना कळलं आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो ते. कुणीतरी मुसमुसलं.

“काय म्हणाल्या त्या सगळ्या?” अबिगेलबाई मला विचारत होत्या. “काकांचं नाव ऐकू आलं मला.”

“करुणा,” पाळकसाहेब वाकून कुजबुजले, “सांग, गावातली जुनी गंमत आहे. एवढंच सांग. छपराचा विचार कर.”

मी वर बघितलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा बापूंच्या फेट्यावर पडला होता. मी बाईंकडे वळले आणि एकही शब्द न गाळता सांगितलं. विहीर, मास्तर, बंद देऊळ, उखाणा. मग एवढं मात्र पदरचं घातलं, “आमच्यात लग्न झालेली बाईच असं नाव घेते, दुसरी कुणी घेत नाही. साळूबाई माझी आजी. तुमची सख्खी चुलती. आणि हे जे उभे आहेत ते तुमचे चुलत भाऊ. त्यांच्या बापाच्या कबरीवर तुम्ही निःसंतान असा दगड आणलाय.”

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. “माझे वडील खोटं बोलत नसत,” त्या म्हणाल्या. “लग्नाचा दाखला आहे का?”

मी बापूंना मोठ्यानं सांगितलं.

“हिच्या वडिलांना खोटं कोण म्हणतंय?” बापू म्हणाले. “ते लग्नाला नव्हते. सगुणा होती. आणि दाखला कशाला? तीनशे वर्षांमागच्या त्या बाईला हिनं जहाजावरच्या माणसांच्या तोंडच्या शब्दावर बायको मानलं, आत्ताच सगळ्यांसमोर बरोबर म्हणाली. माझ्या आईची साक्ष द्यायला अख्खं गाव बसलंय, तर हिला कागद पाहिजे? त्या बाईचं नावसुद्धा हरवलं. माझ्या आईनं नवऱ्याचं नाव असं घेतलं की आजवर इथं एक लग्न त्या उखाण्यावाचून लागलं नाही.”

ते पुढं आले. आवाज चढवला नाही. “तिला सांग, तुमच्या पुस्तकात मला घेऊ नका. मी मागत नाही. पण माझी आई त्याच कबरीशेजारी निजलीय, कबरीचा दगड म्हणून उशाला जात्याची तळी घेऊन. तिच्या डोळ्यांसमोर तो दगड उभा राहणार नाही. काल बंगल्यावर ही खुर्चीत होती आणि मी पायरीशी, तिथं बोललो असतो तर ती याचना झाली असती. आज मी उभा आहे. दगडाचा निकाल लागेपर्यंत मी चिपळ्या खाली ठेवत नाही.”

आणि पेटीवाल्याला म्हणाले, “धर रे सूर.”

म्हणजे काय, कळलं ना? कीर्तन संपल्याशिवाय उठायचं नाही, आणि कीर्तनकार तर संपवत नाही! बापू गात राहिले. ऊन कलायला लागलं. बंगल्यावर पाहुण्यांसाठी शिजलेली कोंबडी गार झाली, आचारी दोनदा दारात डोकावून गेला. लेकरं आयांच्या मांडीवर झोपली. “बापू, माझी म्हैस धारेला आलीय हो,” मागून कुणी ओरडलं. “म्हशीला सांग, साळूबाईचं काम चाललंय,” बापू गाण्यातच म्हणाले. एकजणही उठला नाही. मराठा आळीतल्या बायकाही उठल्या नाहीत. त्यांच्या तोंडात त्यांच्या नवऱ्यांची नावं ज्या बाईनं घातली, तिच्यासाठी त्या बसल्या होत्या. “नाव आहे,” “नाव आहे,” अशी झील त्या भोकाच्या छपरातून माळावर जात होती. बापूंचा आवाज फाटला, पण पाय हलले नाहीत.

शेवटी खुर्ची करकरली. अबिगेलबाई उठल्या, कापडी बूट काढले, आणि बायकांच्यात जाऊन सगुणाआत्याशेजारी सतरंजीवर बसल्या. मला हाक मारली. “चुलतीला काय म्हणतात?”

“काकू.”

“साळू काकू,” त्यांनी म्हणून पाहिलं. मग मला विचारलं, “तिनं काकांच्या नावाला काय जोडलं होतं?”

“राव.”

“आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे,” त्या म्हणाल्या. “मला वाटे, लवकर गेले म्हणून.”

आत्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “विचार हिला, हिच्या नवऱ्याचं नाव काय? घेऊ दे की हिलापण.”

“त्यांचं लग्न झालेलं नाही, आत्या.”

“मग निःसंतान दगड हिनं कुणासाठी आणला गं?” आत्या म्हणाली, आणि जीभ चावली. मी तेही भाषांतर केलं. वचन दिलं होतं ना. बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

“दगड मी आणलाय,” त्या उठत म्हणाल्या. “मीच सांगते. पालथा घाला.”

तेव्हा कुठं बापूंनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि प्रार्थना म्हटली. प्रार्थनेत ते रडले नाहीत. पाळकसाहेब रडले, हेही सांगायला हवं.

गावच्या पाथरवटानं दगडाची दुसरी बाजू घासून घेतली. तिथं मराठीत कोरलं आहे: साळूबाई आणि एडविनराव थॉर्नबी. आधी तिचं, मग त्याचं. बापूंनी तसं बजावून सांगितलं होतं. निःसंतान हा शब्द अजून मागच्या अंगाला आहे. तिकडून गवत माजलंय, शेळ्या बसतात.

पुस्तकाचं म्हणाल तर पुस्तक निघालं. फांदी तशीच बोडकी. मंडळानं कागद मागितला. अबिगेलबाई त्यांच्याशी भांडल्या, हरल्या आणि पुढच्या नाताळला पुन्हा हिंगणवाडीला आल्या. त्या मंडळाकडून छपरासाठी पैही आली नाही. कितीतरी पावसाळे आम्ही छत्र्या उघडून उपासना केली. छत्रीच्या दांड्यावर ताल धरून गायलेली भजनं फार गोड लागतात, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. आणि दर नाताळला, देह पडेपर्यंत, बापूंनी ती वंशावळ उभ्यानं गायली. नथानिएलपासून माझ्या लेकरांपर्यंत, सगळी.

झालं. आता उठा, चहा घ्या. जाता जाता एवढं करा माझ्यासाठी. तुमच्या घरी नवी नवरी येईल, उंबऱ्यात अडेल, लाजेल. तिला तो पाषाणाचा आणि झऱ्याचा उखाणा सांगा. नाव तिच्या नवऱ्याचं घालू द्या. पण त्याआधी, मनातल्या मनात का होईना, साळूबाई असं एकदा म्हणा. तिनं जन्मभर त्याचं नाव घेतलं. तिचं तुम्ही घ्या.